पंचवीस चोक

मुलामा चढवायच्या चेंबरमध्ये अठ्ठेचाळीस ड्रिलं उभी होती. टायटॅनियमची चकती एक, बघायची काच एक. चकतीमागून काढलेली आठ चुंबकं कपाटात होती. त्यांच्याऐवजी तांब्याच्या तारेची कॉईल बसून नऊ दिवस झाले होते. वरवे गावातल्या त्या शेडमध्ये दुपारी माणसं दोनच.

शुभ्राने पडद्यावरचा आकडा वहीत उतरवला. आयनांची ऊर्जा, एकशे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चुंबकं होती तेव्हा हा आकडा साठच्या वर कधी गेला नव्हता. कॉईलमधला प्रवाह वाढवला की चकतीतून उडालेले आयन जोरात धडकतात, ड्रिलांवरचा मुलामा घट्ट बसतो. कॉईलची कल्पना तिची होती. प्रवाह बारा अँपियरवर नेला, तोही तिनेच.

कुंडलिकमामा काचेला वाकून उभे होते. आत आर्कचा, विजेच्या ठिणगीचा, पांढरा ठिपका चकतीवर भिरभिरत होता. तो कडेला घसरला तर मागचा पाण्याचा पाइप जाळतो, म्हणून काचेशी माणूस लागतो. आणि तो ठिपका मामांइतका कुणाला कळत नव्हता. कॉईल काचेला लागूनच होती. त्यांच्या छातीपासून वीतभर.

ते छातीवर डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली चोळत होते.

"मामा, काय होतंय?"

"काय न्हाई गं. आठ दिस झालं, हितं उभं ऱ्हायलं की छातीत घड्याळ बसवल्यागत टकटक व्हतंय. घरी गेलं की ऱ्हातंय." ते हसले. "म्या आता सेलवर चालतोय न्हवं. दिवाळीत मशिन बशिवलं. बायको म्हनती, सेल सपला तर ब्याटरीतला काढून घाला. सायबांना बोलू नगंस हां."

शुभ्राच्या हातातलं पेन थांबलं.

"पेसमेकर? डॉक्टरांनी चुंबकाचं काही सांगितलं नाही?"

"सांगितलं की. लांब ऱ्हा म्हनले. ती आठ होती तवर म्या दोन हात लांबनं बघायचो. तू काढलीस, लई बरं झालं. आता कपाटाकडं बी फिरकत न्हाई."

तिने कॉईलकडे बोट केलं.

"मामा, ही कॉईल चुंबकच आहे. त्या आठांहून मोठं."

"ही? ही तर तार हाय."

त्यांनी पाकिटातलं पेसमेकरचं कार्ड काढून दिलं. इंग्रजी होतं, त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. तिने वाचून सांगितलं. जोरदार चुंबक जवळ आलं, की यंत्र हृदयाचं ऐकायचं सोडून आपल्याच ठेक्यात ठोके देतं. मिनिटाला बरोबर शंभर. त्याखाली आणखी एक ओळ होती. हृदयाचे स्वतःचे ठोके आणि हे ठोके एकमेकांत आले, तर सगळी लयच बिघडू शकते. ती ओळ तिने मोठ्याने वाचली नाही.

"मागे व्हा." तिचा हात लाल बटणाकडे गेला.

मामांनी आधीच बटणावर पंजा ठेवला होता.

"सात मिंटं ऱ्हायलीत. अट्ठेचाळीस नग वाया जात्याल. सायेब इचारतील, का बंद केलं? काय सांगशील? असला मानूस कोन ठिवतंय कामावर? उद्या गेटावरनंच माघारी लावतील."

"मामा, पाया पडते. आधी मागे व्हा."

"मागं व्हऊन ठिपका कोन बघनार, तू?" त्यांनी काचेवरची नजर काढली नाही. "तुझं समदं मोजून असतंय ना? मग मोज. न्हाई निघालं शंभर, तर गप बसायचं."

आणि डावा हात तिच्यापुढे केला.

तिने मनगटावर दोन बोटं ठेवली. तिचीच बोटं इतकी उडत होती, की आपण स्वतःचेच ठोके मोजू अशी भीती वाटून तिने दाब हलका केला. मग ते लागले. एकसारखे. दोन ठोक्यांमधल्या अंतरात केसाचाही फरक नाही. पडद्यावरच्या घड्याळात पंधरा सेकंद झाले.

"पंचवीस," ती म्हणाली.

"पुन्ना मोज."

पुन्हा पंधरा सेकंद.

"पंचवीस."

मामांचे ओठ हलले. "पंचवीस चोक..." ते पुटपुटले, आणि थांबले. काचेतल्या उजेडात त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. हळूहळू त्यांनी बटणावरचा पंजा उचलला.

शुभ्राने बटण दाबलं. काच काळी झाली. कॉईलची घरघर खाली खाली येत थांबली.

एक ठोका बोटांना लागलाच नाही. मग एक लागला. मग दुसरा, जरा उशिरा.

तिसऱ्या पंधरा सेकंदांत सतरा. हृदयाचे स्वतःचे.