लखलखीत किटली

“बघ गं, कशी सोन्यासारखी लखलखतेय!” सिंधूमावशींनी तांब्याची किटली भाचीपुढे धरली.

जपानी कारागिरांची गावं बघत दोघी मोटारीने फिरत होत्या. काल एका म्हाताऱ्या तांबटाने त्यांना आग्रहाने घरीच ठेवून घेतलं होतं. त्याच्या स्वयंपाकघरातली काळपट किटली पाहून मावशींना राहवेना. सकाळी लवकर उठून, अभंग गुणगुणत त्यांनी ती लिंबू-मिठाने घासून काढली.

भाचीचा चेहरा उतरला. “अगं मावशी, तो मळ नव्हता! रात्री आजोबा मला जपानीत सांगत होते, ही त्यांच्या वडिलांनी घडवलेली किटली. रोज चहा झाला की कोरड्या फडक्यानं पुसून पुसून तो रंग चढवला होता.”

तेवढ्यात तांबट आला. किटली बघून थबकला. मग कमरेत वाकून त्याने मावशींचे आभार मानले.

“विचार ना त्यांना, रंग परत कधी चढेल?”

भाचीने विचारलं. “चाळीस वर्षं म्हणतात,” ती हळूच म्हणाली.

तांबट ऐंशीचा होता. कीर्तनात सुदामा नुसता दारात उभा राहिला तरी डोळ्यांना पदर लावणाऱ्या मावशींना आज रडूही येईना. म्हाताऱ्याने त्याच किटलीतला पहिला चहा त्यांच्यापुढे ठेवला, आणि कोरड्या फडक्याने किटली पुसायला घेतली.