लाल ठिपक्याची पुस्तकं

"हिरवा ठिपका असलेली तेवढी वाचा, ताई. लाल मी घिऊन जातो," असं विश्वजित दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा अनुजानं कपाटाची किल्ली मुठीत धरली.

कपाट तिच्या वडिलांचं, दादासोंचं. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता आणि राजारामपुरीतला फ्लॅट आवरायला ती पुण्याहून आली होती. कपाटात त्रेचाळीस इंग्रजी कादंबऱ्या होत्या. सगळ्या एकाच खेळाच्या दुनियेत घडणाऱ्या. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ; खेळणारा प्रत्येक जण कुणीतरी होतो आणि पुढं काय घडलं ते एक जण सांगत जातो. इथं सांगणारे दादासो होते. दर रविवारी चौघं जण यायचे, एवढं तिला ठाऊक होतं. त्यापुढं तिनं कधी विचारलं नव्हतं.

दर दिवाळीला ती वडिलांना एक चांगलं पुस्तक द्यायची. ते वाचून फोन करायचे, दोन नेमके प्रश्न विचारायचे. त्यांच्या पुस्तकांना मात्र ती 'ड्रॅगनवाली' म्हणायची आणि विषय बदलायची.

आता तिला त्यातली वाचायची होती. त्रेचाळीस नव्हे, तीन-चार. त्यांनी स्वतः काढून हातात दिली असती, ती. कुठली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिनं त्या चौघांतल्या विश्वजितला बोलावलं. कागलच्या एमआयडीसीत दादासो जिथं एकतीस वर्षं माल तपासायचे, त्याच फौंड्रीत तो कामाला होता. सेकंड शिफ्टच्या आधी तो आला. उत्तर तयार घेऊनच आला, आणि रिकामी पिशवीही.

कारखान्यात हिरवा मार्क म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, असं त्यानं समजावलं. काकांनी पुस्तकांच्या पाठीवर तेच केलंय, ऑइलपेंटनं. लाल वाचण्यात टाइम फुकट जाईल.

मग रिजेक्ट माल तुम्हाला कशाला, असं तिनं विचारलं. रद्दीत घालतो म्हणाला. रद्दीवाला खालीच बसतो, ती म्हणाली. तेव्हा, शेजारची पोरं चित्रं तरी बघतील, असं त्यानं सांगितलं. पुस्तकांच्या आत एकही चित्र नव्हतं.

अनुजानं त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि एक हिरव्या ठिपक्याचं पुस्तक काढलं. गुळगुळीत, जवळजवळ नवं. मग लाल काढलं. त्याची पाठ मोडली होती, कोपरे झिजून गोल झाले होते. लहानपणी खंडेनवमीच्या पूजेला वडील तिला कारखान्यात न्यायचे. लाल मार्कांचा ढीग तिनं पाहिला होता. त्यातल्या कशालाही दुसऱ्यांदा कुणी हात लावत नसे.

विश्वजित उठून उभा राहिला. "ते नगं उघडू."

तिनं उघडलं. समासात वडिलांचं अक्षर होतं, पेन्सिलीनं, बारीक.

'पूल इथं तोडायचा.' 'निशाला संशय येतोय. घाई नको.' 'विश्वा खोटं बोलेल. बोलू द्यावं.'

एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं, 'दार. आता पुढच्या रविवारी.' त्यानंतरचे समास शेवटपर्यंत कोरे होते.

"विश्वा म्हणजे तुम्ही? आणि निशाही खेळणारीच?"

तो खाली बसला. मग कपाकडं बघत त्यानं खरं सांगितलं. हिरवी पुस्तकं कुणीही न्यावीत. लाल ती, ज्यांतून काका खेळ रचायचे. खेळणाऱ्यानं त्यांना हात लावायचा नाही, एवढाच या घराचा नियम. नऊ वर्षं किल्ली कपाटालाच लटकत होती आणि कुणी हात लावला नव्हता.

"शेवटच्या रविवारी काकांनी आमाला एका दाराशी आणून सोडलं. आत काय हाय ते पुढच्या खेपेला, म्हणाले. बुधवारी गेले." त्यानं कप बाजूला सरकवला. "आमी चौघं अजून तिथंच उभं हाय, ताई."

बाकीच्या तिघांना तुम्ही इथं आल्याचं माहीत आहे का, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. नाही.

अनुजानं कपाटातली हिरवी पुस्तकं एकेक करून चाळली; समासांत पेन्सिल कुठंच नव्हती. वरची तीन स्वतःकडं ठेवली, बाकीची त्याच्या पिशवीत भरली. पिशवी भरली तरी त्याची नजर टेबलावरच्या मोडक्या पाठीवरून हलेना.

"आणि त्ये?"

"लाल तुमाला न्हाय," ती म्हणाली. पुण्यातल्या वीस वर्षांत असं 'न्हाय' तिच्या तोंडी आलं नव्हतं. "रविवारी या. चौघंही."

विश्वजित पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि वळला. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता.

"तुमाला येतंय व्हय खेळ सांगायला?"

तो जिना उतरून गेल्यावर तिनं किल्ली पुन्हा कपाटाला लटकावली, एकशे तेरावं पान उघडलं आणि वडिलांच्या पेन्सिलीला टोक काढायला बसली.