पुढची वेणी

शर्यतीत धाकटी जाऊ पुढे धावत होती आणि तिची वेणी पाठीवर डावी-उजवीकडे नाचत होती. थोरलीचे डोळे त्या वेणीवरून हटत नव्हते. मेली हसतेय! एवढा चढ चढतानाही बघ्यांना हसून हात करतेय. संध्याकाळी सासूबाई पुन्हा सगळ्यांना सांगणार, "आमची धाकटी म्हणजे नुसता वारा." आणि या वाऱ्याला बुटाची नाडी बांधण्यापासून धावायला शिकवलं कुणी? ते कुणाच्या लक्षातही नाही.

थोरलीच्या अंगठ्याचं नख केव्हाच उखडलं होतं, मोजा ओला लागत होता. गुडघ्याचं तर विचारूच नका. पण तिला त्यांच्याकडे बघायला सवड कुठे होती? ती जळत होती, आणि पळत होती.

चढ संपला, पाण्याचं टेबल आलं आणि धाकटी मटकन खाली बसली. पोटरीत गोळा आला होता.

"ताई, तुम्ही व्हा पुढे," ती दात आवळून म्हणाली. "आज पहिला नंबर तुमचाच."

थोरली थांबली नाही. तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. समोर मोकळा रस्ता, पुढे एक चिटपाखरू नाही.

त्या मोकळ्या रस्त्यावर आधी गुडघा ठणकला. मग अंगठा, मग कंबर, मग बरगडीखालची कळ. इतका वेळ कुठे दडून बसली होती ही सगळी मंडळी? वळणापर्यंत जाईतो तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय उचलेना, आणि शेवटची कमान अजून दिसतही नव्हती.

स्वतःला शिव्या घालत ती मागे फिरली. धाकटीचा पाय मांडीवर घेतला, चवडा मागे रेटला आणि पोटरी अशी रगडली की ती किंचाळलीच.

"अहो ताई, तुमचा नंबर जाईल!"

"गप. ऊठ आधी. आणि माझ्या बरोबरीनं नाही, पुढे पळ."

"पण तुम्ही..."

"पुढे पळ म्हणते ना!"

पाणी देणारी बाई डोळे टिपत शेजारणीला म्हणाली, "सख्ख्या बहिणी तरी एवढं करतात का गं?"

धाकटी लंगडत निघाली, सावरली आणि हळूहळू तिनं वेग घेतला. वेणी पुन्हा नाचायला लागली. कुणाकडे तरी बघून ती हसलीसुद्धा.

थोरलीनं दातओठ खाल्ले, आणि तिचा गुडघा गप्प झाला.