लाल शाईतला प्रश्न

विद्यार्थिनी उर्वशी एक्स-रेच्या टेबलाकडे वळली आणि दीपा मॅडमनं हात मागे बांधले.

एक्स-रे शिकणाऱ्या मुलींनी वर्षभर नुसतं बघत का राहायचं, असं दवाखान्याच्या साहेबांशी भांडून हा अभ्यासक्रम दीपानंच आखला होता. चौथ्या आठवड्यात खरा पेशंट आणि विद्यार्थिनीचाच हात. शिकवणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आता आपल्याच नियमात ती बरी सापडली होती.

पेशंटला काय काय विचारायचं त्या कागदावरचा पहिला प्रश्न तिनं लाल शाईनं लिहिला होता : बाईला दिवस गेलेत का? चौदा वर्षांत तो विचारल्याशिवाय आपण बटण दाबलं नाही, हे ती येता-जाता सगळ्यांना ऐकवायची. पोरगी घाबरून नेमकं तेच विसरली तर? पोटातल्या जिवाशी खेळ होता.

टेबलावर ढाणकीकडच्या तांड्यावरची लालीबाई होती. कापसाची खरेदी बंद पडलेली, बाजारात चार दिवस गाड्या अडकलेल्या. त्यातल्याच एकीवरून घसरून ती कमरेवर पडली होती. उशाशी सासू उभी होती.

"दिवस गेले काय तुले?" उर्वशीनं विचारलं.

"नाई," लालीबाई छताकडे बघत म्हणाली.

"कायचे दिवस! अकरा वर्सं झाले लग्नाले," सासू फणकारली.

दीपाचा जीव भांड्यात पडला. उर्वशी काचेमागे गेली. तिनं बटणावर बोट ठेवलं, आणि काढलं. ती परत टेबलाशी आली. बाहेर रांग खोळंबलेली. हे काही कागदावर नव्हतं.

"आजी, तुमी जराशा बाहीर बसा." दार लागल्यावर उर्वशी खाली वाकली. "आता सांग माय. कोनी नाही इथं."

लालीबाईला रडू फुटलं. "दोन महिने झाले. पोट दिसेपर्यंत घरी सांगत नाई मी, नजर लागते. म्हणू द्या मले वांझ. मागच्या साली असंच एक पोटातच गेलं."

नियम विसरून दीपानं उर्वशीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास! शिकवलेलं वाया गेलं नाही माझं."

लालीबाईनं डोळे पुसले आणि दीपाकडे निरखून पाहिलं.

"मागच्या साली बी फोटो काढाले तुमीच होत्या ना, बाई? तुमी बी इचारलं होतं," ती म्हणाली. "सासूपुढं."