इंजिनचा ठोका

"आबा, पेचकस कानाला लावून तुम्हाला खरंच काही कळतं का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विशाखानं बापाला भर गॅरेजात विचारलं.

शहागडच्या हायवेवर तातेराव मेकॅनिकचा शब्द शेवटचा. अंबडचे डॉक्टर आपली जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आले होते. इंजिन दुरुस्त करायचं की गाडी भंगारात घालायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तातेरावांनी चालू इंजिनवर टेकवलेला पेचकस लेकीच्या हातात दिला. "मंग तूच सांग."

विशाखानं पेचकसाची मूठ कानाला लावली. "वरचं बराबर हाय. खालून ठोका येऊन राह्यलाय. बेअरिंग बदललं की पळंल अजून."

डॉक्टरांनी तातेरावांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी खुशीत चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"डॉक्टरसाहेब, आता बंद करा गाडी," पाठमोरे बसून पाने काढता काढता तातेराव म्हणाले. विशाखानं आधी बंद इंजिनकडं पाहिलं, मग आबांच्या पाठीकडं.

संध्याकाळी जेवताना विशाखा आबांना आपले ओठ दिसतील अशी समोर बसली. "आई, आबा, उद्यापासून शाळा सुटली की मी गॅरेजात येणार. इंजिन खोलायचं आबांनी, ऐकायचं मी."