तुळई

जुना भाजीबाजार पाडून लेकीने त्याच जागी नवा बांधला, तेव्हापासून बाबांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. जन्मभर तिथे पोती वाहिलेला माणूस! आज ते आले, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला.

काचेच्या छतातून झिरपणाऱ्या उन्हात बाबा झोपेतल्यासारखे चालत राहिले.

“काय गं, सगळंच साफ केलंस?”

“ती बुटकी तुळई काढली म्हणून किती डोकी वाचली, बाबा!”

दालनाच्या मधोमध ते वाकले आणि सवयीने मागच्यांना हाळी दिली, “वाका रे!”

“अहो बाबा, तुळई नाहीये आता तिथे.”

ती मागे वळली. पाठीवर पोती घेतलेले हमाल रिकाम्या हवेखालून एकेक करून वाकत येत होते. त्यांतल्या निम्म्यांनी जुना बाजार पाहिलाही नव्हता.