अर्ध्या सेकंदाचा फरक

जुन्या डिस्कवरचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं त्याचं दुकान होतं. लोकांची लग्नं, वाढदिवस त्याने वर्षानुवर्षं वाचवले होते. त्या दुपारी तो स्वतःच्या घरची डिस्क घेऊन बसला. मुलगी जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचं बोलणं एवढ्या एकाच डिस्कवर उरलं होतं. शेजारी बायको बसली होती.

मुलीचा आवाज आधी येत होता, ओठ नंतर हलत होते. फरक अर्ध्या सेकंदाचा. असं पुष्कळदा व्हायचं. त्याने आवाज अर्धा सेकंद मागे सरकवला आणि पुन्हा लावून पाहिलं. फरक एक सेकंद झाला. त्याने परत सरकवला. आता दोन सेकंद. त्याने घाबरून मूळ डिस्क लावली, तर तिच्यातही दोन सेकंद.

"बाबा, पुरे आता," म्हणत मुलगी खुदकन हसली. पडद्यावर मात्र ती अजून गप्पच होती, एकटक त्याच्याकडे बघत.

त्याने हात टेकले. "नाही जमत गं."

"असू द्या. आवाज तरी ऐकू येतोय," बायको म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग ते सावकाश उघडले आणि नुसतेच हलू लागले.